दवाखाना किती तासांवर?

प्राथमिक आरोग्य केंद्र कुठे आणि किती उघडायचे, हे आपल्याकडे माणसांच्या संख्येवर ठरते. सपाटीवर 30,000 लोकांमागे एक केंद्र, डोंगराळ आणि आदिवासी भागात 20,000 लोकांमागे एक. उपकेंद्रासाठी हेच आकडे 5,000 आणि 3,000 असे आहेत. भोर समितीने 1946 साली पहिल्या टप्प्यासाठी 40,000 लोकांमागे एक केंद्र सुचवले होते. त्या मानाने आपण पुढे आलो, असे वाटू शकते. आदिवासी भागाला दिलेली सवलतही कागदावर उदार दिसते. निकष जमिनीवर उतरवून पाहिला की त्यातली खोट कळते.

2011 च्या जनगणनेनुसार गडचिरोली जिल्ह्याची लोकसंख्या 10 लाख 73 हजारांच्या घरात आणि क्षेत्रफळ 14,412 चौरस किलोमीटर. सगळा जिल्हा आदिवासी निकषात धरला तरी 20,000 च्या हिशेबाने 54 केंद्रे पुरेशी ठरतात. एका केंद्राच्या वाट्याला सुमारे 267 चौरस किलोमीटर मुलूख येतो. तो गोल आहे असे मानले, तर कडेच्या माणसाला सरळ रेषेत नऊ किलोमीटरांहून जास्त जायचे आहे. आता कोल्हापूर घ्या. 38 लाख 76 हजार लोक, 7,685 चौरस किलोमीटर. 30,000 च्या हिशेबाने 129 केंद्रे, प्रत्येकी साठेक चौरस किलोमीटर, आणि कडेचा माणूस साडेचार किलोमीटरांच्या आत. शहर आणि खेडे हा फरक मी इथे बाजूला ठेवला आहे. तो धरला तर आकडे थोडे बदलतात, चित्र बदलत नाही. सवलत दिलेल्या जिल्ह्यातले अंतर सवलत नसलेल्या जिल्ह्याच्या दुपटीहून जास्त भरते. शिवाय कोल्हापुरात केंद्र लांब पडले तरी वाटेत चार खासगी डॉक्टर भेटतात, एसटी मिळते, शेजाऱ्याची मोटारसायकल मिळते. गडचिरोलीतल्या एटापल्लीच्या आतल्या पाड्यावर यातले काहीच हाताशी नसते, आणि सरळ रेषेत तर तिथे कोणीच चालू शकत नाही.

आरोग्यसेवेची पोच मोजायची असेल, तर ती रुग्णाला लागणाऱ्या वेळेत मोजली पाहिजे. आणि ही मोजणी ज्यांच्यासाठी करायची, त्यांना ती तपासता आली पाहिजे, खोडून काढता आली पाहिजे. म्हणून ती खुल्या साधनांनी, खुल्या माहितीवर व्हावी, असे माझे म्हणणे आहे. यातला पहिला भाग आता बऱ्याच तज्ज्ञांना पटतो. दुसऱ्याला फक्त खर्चाची काटकसर समजले जाते, आणि तिथेच चूक होते.

वेळेचा निकष कुठून आला, ते आधी पाहू. प्रसूतीतल्या कोणत्या संकटात उपचाराविना बाईच्या हातात साधारण किती वेळ असतो, याचा एक अंदाज मातृआरोग्याच्या क्षेत्रात गेली कित्येक वर्षे वापरला जातो. अडलेल्या बाळंतपणात तीन दिवस. झटके आले तर दोन दिवस. गर्भाशय फाटले तर एक दिवस. बाळंतपणाआधी रक्तस्राव झाला तर बारा तास. बाळंतपणानंतर झाला तर दोन तास. या शेवटच्या आकड्यामुळेच शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय दोन तासांच्या आत असावे, असे जगभर मानले जाऊ लागले. 2015 साली लॅन्सेटच्या जागतिक शस्त्रक्रिया आयोगाने ध्येय ठेवले ते याच निकषावर: प्रत्येक देशातल्या किमान 80 टक्के लोकांना अत्यावश्यक शस्त्रक्रिया दोन तासांत गाठता यावी. पुढे 2018 मध्ये आफ्रिकेतल्या 48 देशांचा आणि बेटांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. 4,908 सरकारी रुग्णालये नकाशावर मांडून प्रत्येक वस्तीपासूनची वेळ काढली, तेव्हा 28 कोटींहून जास्त लोक, म्हणजे 29 टक्के, दोन तासांच्या पलीकडे राहत असल्याचे दिसले. लोकसंख्येमागे किती रुग्णालये, एवढेच मोजले असते तर ही माणसे सरासरीत बुडून गेली असती.

हे दोन तास घरातून निघाल्यापासून मोजायचे. रुग्णवाहिका निघाल्यापासून मोजले तर हिशेब अपुरा राहतो. घरात निर्णय व्हायला होणारा उशीर, दवाखाना गाठायला होणारा उशीर आणि दवाखान्यात पोचल्यावर उपचार सुरू व्हायला होणारा उशीर, असे तीन उशीर थॅडियस आणि मेन या दोन संशोधकांनी 1994 साली मांडले. नकाशा यातला मधला उशीर मोजतो. पण तिन्ही एकमेकांत गुंतलेले आहेत. दवाखाना सहा तासांवर आहे हे ठाऊक असलेले कुटुंब निघायचा निर्णयही उशिरा घेते. सकाळ होऊ द्या, असे म्हणते. त्यांना अडाणी म्हणणारे लोक मी ऐकले आहेत. ती माणसे अंतराचा हिशेब आपल्यापेक्षा नीट करत असतात.

मोजणीची रीत समजायला अवघड नाही. जमिनीचे बारीक चौकोन पाडायचे, समजा शंभर मीटर बाय शंभर मीटर. प्रत्येक चौकोनाला एक वेग द्यायचा. डांबरी रस्त्याचा चौकोन असेल तर ताशी चाळीस किलोमीटर, कच्चा असेल तर वीस, पायवाट असेल तर चार, दाट जंगल असेल तर दोन. नदी ओलांडता येत नाही, पूल असेल तिथेच येते. चढ-उतारासाठी भूगोलज्ञ वॉल्डो टॉब्लर यांचे 1993 चे सूत्र आहे. त्यानुसार माणूस सपाटीवर ताशी पाच किलोमीटर चालतो, हलक्या उतारावर सहापर्यंत जातो, आणि चढ वाढत जाईल तसा वेग झपाट्याने पडतो. मग संगणक प्रत्येक चौकोनापासून सर्वांत कमी वेळेच्या वाटेने दवाखाना गाठतो आणि मिनिटे लिहून ठेवतो. त्यावर लोकवस्तीचा थर टाकला की किती लोक अर्ध्या तासात, किती एका तासात, किती दोन तासांच्या पलीकडे, हे कळते.

यातले प्रत्येक साधन फुकट मिळते आणि उघडून पाहता येते. नकाशे हाताळण्यासाठी क्यूजीआयएस आहे. 2002 साली गॅरी शर्मन यांनी ते सुरू केले, आणि आज महागड्या परवान्याच्या सॉफ्टवेअरला ते बरोबरीने टक्कर देते. चढ-उतार धरून चालण्याची वेळ काढण्यासाठी ग्रास आहे. रस्ते, पूल, इमारती यांची माहिती ओपनस्ट्रीटमॅपमध्ये आहे. 2004 मध्ये इंग्लंडात स्टीव्ह कोस्ट यांनी सुरू केलेला हा नकाशा जगभरचे स्वयंसेवक भरतात. जमिनीची उंची अमेरिकी अवकाशयानाने 2000 सालच्या फेब्रुवारीत रडारने मोजली, तीही मोफत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने तर खास याच कामासाठी ॲक्सेसमॉड नावाचे साधन तयार करून मोकळे सोडले आहे. एक साधा लॅपटॉप आणि शिकण्याची चिकाटी असली, तर तालुक्याचा असा नकाशा कॉलेजातले दोन विद्यार्थी करू शकतात.

मात्र नकाशा बरोबर आहे की नाही, हे ठरते त्या वेगांच्या तक्त्यावर. चौकोनाला कोणता वेग दिला, यावर लाखो माणसे इकडची तिकडे होतात. 2020 साली नेचर मेडिसिनमध्ये आलेल्या एका अभ्यासात जगभरच्या दवाखान्यांपर्यंतच्या वेळेचा नकाशा मांडला होता. मोटार हाताशी आहे असे धरले, तर जगातले 8.9 टक्के लोक, म्हणजे 64 कोटी 60 लाख, तासाभरात दवाखाना गाठू शकत नाहीत. चालत जायचे असे धरले, तर हेच प्रमाण 43.3 टक्के होते, 316 कोटी. पृथ्वी तीच, दवाखाने तेच, रस्तेही तेच. फरक एका गृहीतकाचा, आणि त्यात अडीचशे कोटींहून जास्त माणसे मावतात. या संशोधकांनी दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापले, हे त्यांच्या प्रामाणिकपणाला धरूनच झाले. पण हाच नकाशा एखाद्या कार्यालयाने केला आणि बैठकीत फक्त 8.9 हा आकडा दाखवला, तर 43.3 कुठे गेला हे कोणाला विचारता येईल?

खुलेपणा लागतो तो याच प्रश्नासाठी. सॉफ्टवेअर फुकट असणे ही त्यातली दुय्यम गोष्ट आहे. खरी गोष्ट अशी, की वेगांचा तक्ता, दवाखान्यांची यादी, रस्त्यांची माहिती आणि हिशेबाची रीत हे सगळे समोर असेल, तर नंदुरबारमधल्या धडगावचा एखादा शिक्षक म्हणू शकतो, की या वाटेला तुम्ही ताशी चार किलोमीटर लिहिले आहे. तिथे झोळीत माणूस घालून आम्ही ताशी दोनदेखील जात नाही. तो तक्त्यातला आकडा बदलेल, हिशेब पुन्हा चालवेल आणि आपला नकाशा शासनाच्या नकाशाशेजारी ठेवेल. बंद साधनाने काढलेल्या नकाशाबद्दल तो फक्त तक्रार करू शकतो. तक्रारीला उत्तर द्यायचे की नाही, हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर. आकड्याला मात्र आकड्यानेच उत्तर द्यावे लागते.

आणि झोळीचा वेग कोणत्याही पुस्तकात नाही. बांबूला चादर किंवा घोंगडी बांधून त्यात रुग्णाला घालायचे, दोघांनी खांदा द्यायचा, दोघांनी बदलीला मागून चालायचे. नंदुरबारच्या सातपुड्यात, मेळघाटात, गडचिरोलीत हे अजून चालते. टॉब्लर यांचे सूत्र मोकळ्या हातांनी चालणाऱ्या धडधाकट माणसासाठी आहे. कळा सुरू झालेली बाई, रात्रीची वेळ, निसरडा उतार, मधे विसाव्याला टेकणे हे त्यात नाही. हा वेग गावातल्या चार खांदेकऱ्यांना विचारूनच मिळेल. त्यांच्या सांगण्याला तक्त्यात जागा मिळाली की नकाशा शहाणा होतो.

पावसाळ्याचे काय, हा त्याहून मोठा प्रश्न आहे. भामरागडजवळ पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्या एकत्र येतात. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटला, ही बातमी आपण कित्येक वर्षे दर पावसाळ्यात वाचत आलो. एकदा रस्ता बंद झाला की तालुक्यातल्या शंभराहून जास्त गावांसाठी पुढचे मोठे रुग्णालय काही दिवस अस्तित्वातच नसते. मे महिन्यात काढलेल्या उपग्रहचित्रावरून केलेला नकाशा ही गोष्ट दाखवूच शकत नाही. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये रस्ता ओढ्यातून जातो, प्रवाह हंगामी आहे, रस्त्याचा पृष्ठभाग मातीचा आहे, अशा नोंदी करायची सोय आहे. आपल्या दुर्गम भागात त्या फार थोड्या भरलेल्या दिसतात. त्या भरल्या तर एका तालुक्याचे दोन नकाशे करता येतील, एक उन्हाळ्याचा आणि एक ऑगस्टचा. आरोग्य खात्याच्या नियोजनाच्या टेबलावर ऑगस्टचाच नकाशा असायला हवा. हिवताप, अतिसार, सर्पदंश यांचा मोसम तोच, आणि मेळघाटात बालमृत्यूंची ओरड होते तीही पावसाळ्यातच.

नंदुरबारमध्ये नर्मदेचे पाणी सरदार सरोवरामुळे दूरवर पसरले आणि काठच्या कित्येक पाड्यांना बोट हाच रस्ता झाला. तिथे तरंगता दवाखाना आणि बोट रुग्णवाहिका आल्या त्या यामुळेच. बहुतेक तयार नकाशांमध्ये पाणी म्हणजे अडथळा असतो. इथे पाणी हाच मार्ग आहे आणि डोंगर अडथळा. जगाचा सरसकट नकाशा करणाऱ्याने प्रत्येक खोऱ्याचे असे वेगळेपण टिपावे, ही अपेक्षा चुकीची आहे. ते टिपायचे तर नकाशा त्या खोऱ्यातल्या माणसाच्या हातात द्यावा लागतो.

माहितीतली दरी तर सगळीकडे आहे. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये पुण्यातली गल्लीबोळ सापडते, आणि एटापल्लीच्या पूर्वेला गेलात तर मोकळी जागा दिसते. या रिकामेपणाचे परिणाम दोन दिशांनी होतात. असलेला रस्ता नोंदला नसेल तर गाव आहे त्यापेक्षा दूर भासते. वाहून गेलेला पूल नकाशात शाबूत असेल तर आहे त्यापेक्षा जवळ. आणि पाडाच नोंदला नसेल, तर तिथली माणसे हिशेबातच येत नाहीत. लोकवस्तीचे जे मोफत थर मिळतात, ते जनगणनेचे आकडे उपग्रहचित्रांच्या आधाराने चौकोनांवर वाटून बनवलेले असतात. 2011 नंतरची जनगणना रखडल्याने आपल्याकडे त्यांचा पाया जुना आहे, आणि जंगलातल्या दहा-वीस घरांच्या वस्त्या त्यांत विरून जातात. 2010 च्या हैतीतल्या भूकंपानंतर जगभरच्या स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रांवरून पोर्ट-ओ-प्रिन्सचे रस्ते आणि इमारती रेखाटल्या, आणि मदतकार्याला त्याचा मोठा आधार झाला. तीच रीत इथेही वापरता येते. पण दुरून बसलेल्या स्वयंसेवकाला छप्पर दिसते. त्या छपराखाली उपकेंद्र आहे की शाळा आहे, आणि उपकेंद्र असेल तर परिचारिका तिथे राहते की नाही, हे त्याला दिसत नाही.

जिल्ह्याच्या आणि राज्याच्या सीमा हा आणखी एक सापळा. शासनाचा नकाशा बहुतेक वेळा जिल्ह्याच्या हद्दीला कापलेला असतो, आजारी माणूस मात्र हद्द पाहून निघत नाही. सिरोंच्याहून गडचिरोलीचे जिल्हा रुग्णालय दोनशे किलोमीटरांच्या आसपास पडते. तिथले लोक नदी ओलांडून तेलंगणात जातात. सिंधुदुर्गातल्या सावंतवाडी-दोडामार्गच्या लोकांचे मोठे रुग्णालय म्हणजे बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज. 1842 साली पोर्तुगीजांनी सुरू केलेल्या वैद्यकशाळेचा हा वारसा सिंधुदुर्गाने कधी परका मानला नाही. जानेवारी 2018 मध्ये तिथे गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागू झाले आणि दोडामार्गात आंदोलन उभे राहिले. नकाशावर काहीही बदललेले नव्हते. रस्ता तोच, मिनिटे तीच, तरी दवाखाना एका दिवसात दूर गेला. सिंधुदुर्गाची पोच मोजणारा नकाशा बांबोळीशिवाय खोटा ठरतो. बांबोळी धरून, पण शुल्काचा विचार न करता काढलेला नकाशाही अपुरा ठरतो.

इथून एका खऱ्या आक्षेपाकडे येतो. रॉय पेंचान्स्की आणि विल्यम थॉमस यांनी 1981 साली पोच या कल्पनेची पाच अंगे सांगितली होती: सेवा आहे का, गाठता येते का, तिच्या वेळा सोयीच्या आहेत का, परवडते का आणि लोकांना ती आपली वाटते का. नकाशा यातले दुसरे अंग चांगले मोजतो. बाकीची चार त्याच्या ठिपक्यामागे दडतात. डॉक्टरची जागा रिकामी असेल, औषध संपले असेल, बाई माडिया बोलत असेल आणि समोरच्याला फक्त मराठी येत असेल, तर वीस मिनिटांवरचे केंद्र काय कामाचे? हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. त्यावरून नकाशाच नको, हा निष्कर्ष मान्य नाही. ठिपक्याला जास्त प्रश्न विचारावे लागतील, एवढाच त्याचा अर्थ. मुळात दवाखान्याचा एकच नकाशा असू नये. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध वेळेवर दिले तर जीव वाचतो, हे दाखवून दिले. ती गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रात ठेवता येते, म्हणून विंचूदंशाच्या नकाशात ते केंद्र धरले पाहिजे. सिझेरियनला शल्यविशारद, भूलतज्ज्ञ आणि रक्त या तिन्ही गोष्टी एका छपराखाली लागतात. त्या नकाशातून बहुतेक केंद्रे आणि बरीचशी ग्रामीण रुग्णालये पुसावी लागतील. भूलतज्ज्ञाची जागा रिकामी झाली त्या दिवशी तो ठिपका पुसला जावा आणि तालुक्यातली मिनिटे किती वाढली, ते सर्वांना दिसावे. रिक्त पदांची यादी वाचताना ते दिसत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. असा हिशेब सेवा वाढवायला वापरता येतो, तसा ती कमी करायलाही वापरता येतो. दोन उपकेंद्रे एकमेकांपासून वीस मिनिटांवर आहेत, तर एक बंद करा, असे सांगणारा नकाशाही याच साधनांनी निघतो. ही भीती काल्पनिक नाही; कमी पटाच्या शाळांचे काय झाले ते ग्रामीण महाराष्ट्राने पाहिले आहे. म्हणूनच साधन कोणाच्या हातात आहे, याला महत्त्व येते. ती वीस मिनिटे मोटारसायकलची होती की पायी, मे महिन्यातली की ऑगस्टची, हे विचारण्याची आणि स्वतः तपासण्याची ताकद गावाकडे नसेल, तर नकाशा हा वरून आलेला हुकूमच राहील.

सुरक्षेचा मुद्दाही मांडला जातो, विशेषतः गडचिरोलीबाबत. दुर्गम भागातल्या वाटा आणि वस्त्या उघड्या नकाशावर का टाकायच्या? माझे उत्तर असे, की त्या वाटा ज्यांना सशस्त्र हालचालींसाठी हव्या होत्या, त्यांना त्या कधीच्या माहीत झालेल्या आहेत. उपग्रहचित्रे सर्वांना दिसतात. माहिती नसते ती आरोग्यसेवकाला आणि रुग्णवाहिकेच्या चालकाला. केंद्र सरकारनेही 15 फेब्रुवारी 2021 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय व्यक्तींना आणि संस्थांना पूर्वपरवानगीशिवाय नकाशे तयार करायची मोकळीक दिली आहे. ग्राम सडक योजनेच्या रस्त्यांची माहितीही 2022 पासून खुली आहे. एक मर्यादा मात्र कडक पाळली पाहिजे. नकाशावर रस्ते, पूल, वस्त्या, दवाखाने यावेत. कोणत्या घरात गरोदर बाई आहे, कोणाला क्षयरोग आहे, हे कधीही येऊ नये. ती माहिती आशाताईच्या वहीत आहे, तिथेच राहावी.

खुल्या साधनांची एक उणीव मान्य केलीच पाहिजे. महानगरांत ती कमी पडतात. नायजेरियातल्या लागोस शहरात संशोधकांनी बाळंतिणींचे रुग्णालयापर्यंतचे प्रवास प्रत्यक्ष गाडी चालवून पुन्हा केले, तेव्हा मुक्त साधनांनी काढलेली वेळ प्रत्यक्षापेक्षा फारच कमी निघाली, आणि गूगलची त्यातल्या त्यात जवळ आली. गर्दीचा दर मिनिटाचा हिशेब ज्या कंपनीकडे आहे, तिच्याकडे तो कोट्यवधी लोकांच्या फोनमधून येतो. गोवंडीहून सायन रुग्णालय किती दूर, हे सांगायला ओपनस्ट्रीटमॅप पुरत नाही. पण त्यावर उपाय आपल्याच राज्यात आहे. 2014 पासून 108 च्या रुग्णवाहिका धावत आहेत. गाडीवर जीपीएस आहे, बोलावणे किती वाजता आले आणि गाडी किती वाजता पोचली याच्या नोंदी होतात. रुग्णाचे नाव आणि पत्ता काढून, फक्त भाग आणि वेळ एवढी माहिती खुली केली, तर महाराष्ट्राच्या प्रत्येक तालुक्यात नकाशातला अंदाज प्रत्यक्षाशी ताडून पाहता येईल. ही माहिती जनतेच्या पैशातून जमते आहे. ती झाकून ठेवण्याचे कोणतेही सबळ कारण मला दिसत नाही.

महाराष्ट्राला हे जमेल का, अशी शंका घेणाऱ्यांनी दोन गोष्टी आठवाव्यात. पहिली आहे आरोग्यसेवांवरची लोकाधारित देखरेख. 2007 पासून पुण्याच्या साथी या संस्थेच्या समन्वयाने ती राज्यात उभी राहिली. गावकऱ्यांनी आपापल्या आरोग्य केंद्राचे प्रगतिपुस्तक भरले, चांगले, मध्यम, वाईट असे रंग दिले आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ते मांडले. औषधांचा तुटवडा, गैरहजर डॉक्टर, बेकायदा पैशांची मागणी हे सगळे त्यातून वर आले. लोक मोजू शकतात आणि मोजलेले बोलू शकतात, हे तिथे सिद्ध झाले. त्या रंगांच्या शेजारी मिनिटांचा नकाशा ठेवायचे काम राहिले आहे.

दुसरी गोष्ट वनहक्काची. 2006 च्या कायद्यानंतर सामूहिक वनहक्काचे दावे करताना गडचिरोलीतल्या ग्रामसभांनी आपल्या जंगलाच्या सीमा स्वतः फिरून, जीपीएस हातात घेऊन नोंदल्या. मेंढा-लेखाला 2009 मध्ये देशातल्या पहिल्या काही सामूहिक हक्कांपैकी एक मिळाला. जंगलाचा प्रत्येक नाला आणि प्रत्येक टेकडी नावानिशी कागदावर आणणारी ही माणसे दवाखान्याच्या वाटेवरचा प्रत्येक नाला का नोंदणार नाहीत? जमिनीसाठी त्यांनी जे केले, तेच आता वेळेसाठी करायचे आहे, आणि यंत्रही तेच पुरते. एक फोन, त्यातले जीपीएस, आणि वाट चालताना घड्याळ पाहणारा माणूस.

अशा नकाशाचा उपयोग कुठे होईल, याचे एकच उदाहरण देतो. आदिवासी भागात काही आरोग्य केंद्रांजवळ माहेरघर योजना आहे. तारीख जवळ आली की गरोदर बाईने काही दिवस आधी केंद्राशी येऊन राहायचे, म्हणजे ऐनवेळी जंगल तुडवावे लागत नाही. कल्पना फार चांगली आहे. पण माहेरघर कुठे हवे? जिथे खोली रिकामी आहे तिथे, की ज्या केंद्राच्या हद्दीतले सर्वांत जास्त पाडे ऑगस्टमध्ये दोन तासांच्या पलीकडे जातात तिथे? भरारी पथकाची गाडी कोणत्या बाजूला न्यायची, बोट कोणत्या काठाला लावायची, नवे उपकेंद्र 3,000 लोकसंख्या भरेपर्यंत थांबवायचे की 900 लोक चार तास दूर आहेत म्हणून आजच उघडायचे, या प्रश्नांनाही हेच लागू आहे. लोकसंख्येचा निकष यातल्या एकाही प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नाही.

म्हणून मागणी नेमकी करतो. शासनाने राज्यातल्या प्रत्येक उपकेंद्राचे, प्राथमिक आरोग्य केंद्राचे आणि रुग्णालयाचे अक्षांश-रेखांश, तिथे आज कोणती सेवा खरोखर मिळते आणि कोणती पदे भरलेली आहेत, ही माहिती मोकळ्या परवान्याखाली प्रसिद्ध करावी आणि दर महिन्याला अद्ययावत ठेवावी. 108 च्या वेळा द्याव्यात. आदिवासी तालुक्यांत नवे केंद्र मंजूर करताना लोकसंख्येबरोबर पावसाळ्यातल्या प्रवासवेळेची अट घालावी. विद्यापीठांच्या भूगोल विभागांनी आणि जिल्ह्याजिल्ह्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी आपापला एक तालुका घ्यावा. प्रकल्पासाठी याहून चांगला विषय त्यांना मिळणार नाही.

आणि वाचकाने शासनाची वाट पाहायची गरज नाही. ओपनस्ट्रीटमॅप उघडा आणि आपल्या गावचे किंवा आजोळचे उपकेंद्र त्यावर आहे का, ते शोधा. नसेल तर ते टाका. जागा चुकली असेल तर हलवा. वाटेतला ओढा पावसात अडवत असेल तर तसे लिहा. नोंदणी करायला काही मिनिटे लागतात, पैसे लागत नाहीत आणि कोणाचीही परवानगी लागत नाही.